पापा नूआंची चार मिनिटं

१२ ऑगस्ट, सोमवार

दवाखान्याचा कॉम्प्युटर चालू व्हायला चार मिनिटं घ्यायचा. आज चाळीस सेकंद! माझ्या आधी तो सांभाळणाऱ्या पापा नूआंनी निवृत्त व्हायच्या आधी त्यात एक ओळ लिहून ठेवली होती: डिस्क तयार झाल्याशिवाय नोंदवही उघडायची नाही, आणि त्यासाठी चार मिनिटं थांबायचं. मी ती काढून टाकली. डिस्क तर लगेच तयार होते, थांबायचं कशाला? पाच वेळा बंद-चालू करून पाहिलं. चोख.

नर्स तेपाएरू आंटी म्हणाली, "तेरे, तुला पहिली सुई मीच टोचली. अख्खं बेट गोळा केलं होतंस रडून. आता कामाचा निघालास हो." बरं वाटलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी वीज गेली, लगेच आली. मी तारोच्या, म्हणजे अळूच्या, वाफ्यात होतो. कुणी बोलवायला आलं नाही, म्हणजे सगळं ठीक.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

आंटी म्हणते, मंगळवारी अकरा पोरांना गोवराची लस दिली आणि सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं. कॉम्प्युटरमध्ये मंगळवारच नाही!

२२ ऑगस्ट, गुरुवार

मोठ्या बेटावरून अधिकारी बाई आल्या. पोरांच्या आया सांगतात, लस दिली. पण कुठल्या बाटलीतली, याची नोंद नाही. अकराही जणांना पुन्हा टोचणार, आणि आंटीला बहुतेक घरी बसवणार. एकतीस वर्षांची नोकरी.

मला एवढंच विचारलं, "यात भरलेली नोंद हरवू शकते का?" मी "नाही" लिहून सही केली. आंटी शेजारीच होती. निघताना म्हणाली, "माझंच वय झालं असेल रे." सोमवारच्या विमानानं तिला चौकशीला जायचंय.

२४ ऑगस्ट, शनिवार

पुन्हा वीज गेली. या वेळी मी समोर होतो. कॉम्प्युटर चालू झाला, नोंदवही उघडली — कोरी! तीन मिनिटांनी बंद करून उघडली, तर सगळे रोगी जागच्या जागी.

वीज अचानक गेली की डिस्क आधी स्वतःला तपासते. तेवढा वेळ लागतो. मी पाचही वेळा नीट बंद करून पाहिलं होतं, वायर एकदाही उपटली नाही. पापा नूआ थांबत होते ते यासाठी. डिस्क दिसली नाही म्हणून नोंदवहीनं रिकाम्या जागीच नवी वही मांडली, आणि मागून डिस्क तिच्यावर येऊन बसली. मंगळवारी आंटीनं भरलं ते त्या झाकल्या गेलेल्या वहीतच असणार. तेवढ्यात बाळंतपणासाठी एक बाई आली, नोंदीसाठी कॉम्प्युटर सोडावा लागला.

उद्या चर्च चुकवणार. आई बोलेल, बोलू दे.

२५ ऑगस्ट, रविवार

डिस्क बाजूला केली. खाली मंगळवार तसाच होता. अकरा नावं, वेळा, बाटल्यांचे क्रमांक. पापांची ओळ परत जागेवर घातली. उद्या विमानात आंटीच्या शेजारी मी बसणार, माझी सही खोडायला. मंगळवारच्या त्या नोंदींखाली तिनं लिहिलंय: "कॉम्प्युटर आज झटकन उघडला. तेरेला शाबासकी देणे."