दिल्लीपर्यंतची दशमी

मंगळवार, मावला. दिवेलागण झाली.

माझी बायको सुनंदा दिल्लीला पोरीकडं पोचली. एकटी, पहिल्यांदाच विमानात बसून. मलाबी जायचं होतं, पण वांग्यांची तोड सुरू हाय, मळा सोडता येत नाई.

आमच्या घरी वाटेचं अंतर जेवणांवर मोजतात. बासर एका जेवणाचं, दिल्ली चार जेवणांची. म्हणून सुनंदानं पहाटे उठून ज्वारीचं पीठ दुधात भिजवलं अन् चार जेवणांच्या दशम्या बांधल्या. मी हसलो. "अवं, हैदराबादपासून विमानाला सव्वादोन तास. काऊन एवढं बांधून राह्यली?"

"अंतर तर तेवढंच हाय ना?" ती म्हणाली.

खरंच, अंतर तेवढंच. अन् हैदराबादच्या बसलाच सहा तास. म्हणजे आमाला हैदराबाद लांब, हैदराबादला दिल्ली जवळ. हे काही डोक्यात बसत नाई. पण विमान म्हणजे कमालच.

आत्ता तिचा फोन आला. एक जेवण बसमध्ये झालं, पुढं भूक लागायच्या आत दिल्ली आली म्हणे. तीन जेवणांच्या दशम्या तशाच उरल्या. बघ, सांगितलं होतं, असं मी म्हणणारच होतो, तेवढ्यात पोरीनं फोन घेतला. आमी पार्सलनं पाठवलेल्या दशम्या तिला नेहमी वाळून कडक झालेल्याच मिळायच्या.

"बाबा, या आजच्या हायेत," एवढंच बोलली. तोंडात घास होता.

सुनंदानं माझ्यासाठी डब्यात दोन ठेवल्या होत्या, त्याच तव्यावरच्या. मीबी डबा उघडला. तिकडं पोरगी खात होती, इकडं मी. फोन कोणीच ठेवला नाई.