चोवीस तासांचा नियम

३ नोव्हेंबर

वर्शात्स शहरात आले एकदाची. वाचनालयातली नोकरी, स्वतःची खोली आणि दाराची माझी एकटीची किल्ली. चौतिसाव्या वर्षी एवढं मिळालं म्हणून स्टेशनवरून येताना मी चक्क गात होते. घरमालकीण देसांका मावशी उंबऱ्यातच स्वागताचा म्हणून मुरंब्याचा चमचा आणि पाण्याचा पेला घेऊन उभी होती. ती मागच्या स्वयंपाकघरात झोपते, पुढची खोली माझी. खोलीत लाकडं जाळायची बिडाची शेगडी आहे, तिचं नळकांडं भिंतीतून धुराड्यात जातं. धुराड्यावर करकोच्यांचं घरटं आहे. पक्षी कधीच उडून गेले, पण घरट्याला मावशी कुणाला हात लावू देत नाही. ते पाडलं की घराची बरकत जाते म्हणे.

आजाराचं लगेच सांगून टाकलं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे अंगातली राखणदार फौजच मज्जातंतूंवर उलटते. सहा वर्षं सांगून सांगून तोंडपाठ झालंय. मावशीने नीट ऐकलं आणि निदान केलं, की लहानपणी कुणीतरी मला ओल्या केसांनी वाऱ्यात बसवलं असणार.

९ नोव्हेंबर

कोशावा सुटलाय. हा वारा एकदा लागला की आठवडाभर हटत नाही, आणि मधूनच धुराड्यातून उलटा घुमतो. खिडकी आधीच खिळे ठोकून बंद होती. मावशीने तिच्या फटींत चिंध्या कोंबल्या, वर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दारावर आपल्या लग्नातला पिरोट गावचा जाड लोकरी गालिचा टांगला. घरात वाऱ्याला वाट ठेवणं म्हणजे तिच्या लेखी खुनाचा प्रयत्न. मी हसले, पण खोली मस्त ऊबदार झाली, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी डोकं दुखलं, बोटांना मुंग्या आल्या. ओब्रादोविच डॉक्टरबाईंचा नियम असा, की नवं लक्षण चोवीस तास सलग टिकलं तर नवा झटका, लगेच फोन करायचा. उष्णतेने आलं आणि गारव्यात गेलं, तर ती जुन्या जखमांची कुरकुर, घाबरायचं नाही. म्हणून तर ही वही ठेवते. नवा झटका म्हणजे रुग्णालय, नोकरीवर पाणी, आणि पुन्हा नीशला आईच्या घरी, तिच्या भरवणाऱ्या हातासमोर. ते मला सहन होणार नाही.

१३ नोव्हेंबर

वाचनालयात दिवसभर ठणठणीत. घरी आलं की तासाभरात डोकं जड, पाय लटपटतात, एका अक्षराची दोन दिसतात. सकाळी कामावर पोहोचेपर्यंत सगळं साफ. शेगडीची उष्णता, दुसरं काय. नियमात चपखल बसतं.

खिडकीचे खिळे काढू का विचारलं, तर मावशी रडवेली झाली. तिचा नवरा रादोव्हान याच खोलीत गेला, बारा वर्षांपूर्वी, असाच कोशावा असताना. महिनाभर त्याचं डोकं दुखत होतं, आणि तो सारखा खिडकी उघडायचा. शेवटी तिनेच खिळे ठोकले. दुसऱ्या दिवशी तो गेला. खिळे ठोकायला उशीर झाला, म्हणाली. मग खिळे तसेच राहू दिले.

१७ नोव्हेंबर

दोनदा उलटी. या आजारात उलटी होते? की नव्या गोळ्या? की नुसती भीती? वहीत तीन रकाने आखले: आजार, औषध, मन. प्रत्येक लक्षण तिन्हींत बसतं. रडले खूप. आई आवाजावरून ओळखेल म्हणून तिचा फोन घेतला नाही.

शेगडीपाशी कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं, टोपी घातलेलं. भास कुठल्या रकान्यात लिहायचा?

१९ नोव्हेंबर

कामावर पोहोचले तरी पाय सावरले नाहीत. पुस्तकं हातात असतानाच कोसळले. घरी राहा म्हणाले, बरं वाटेपर्यंत. मावशी माझ्या उशाशी बाकावर बसून आहे, हलत नाही. लाकडं घालते, पुन्हा घालते.

२० नोव्हेंबर

चोवीस तास झाले. गेलं नाही. म्हणजे झटका. देवा, झटकाच. डॉक्टरबाईंना फोन — उद्या करते. एक दिवस अजून.

२१, सकाळ

फोन केला का? आठवत नाही. फोन सापडत नाही. टोपीवाला पुन्हा बसलाय. मावशीला सांगितलं नव्हतं. तिनेच सांगितलं —

"नेवेना, बाळा, रादोव्हान आलाय बघ. डोकं दुखतंय म्हणतो. माझंही दुखतंय."

दुपार

माझंही, म्हणाली. माझंही. तिला कुठे आजार आहे? ती गोळ्या घेत नाही. रादोव्हानही घेत — चौथा रकाना. शेगडी. घरट्याने धुराडं बुजलंय, वारा उलटा, विषारी वायू आत — त्याला वास नसतो —

मावशी आडवी. गाल लाल, किती छान दिसते. हाका मारल्या. उठत नाही.

दार लांब आहे. पाय नाहीत. खिडकी चार हातांवर. लिहिते, कुणी आलं तर कळू दे, आजार नव्हता, शेगडी —

पट्ट्या निघाल्या. चिंध्या निघाल्या. खिळे निघत नाहीत —

काच. मुरंब्याची बरणी आहे. ती घेऊन —

मावशी जागी झाली. जिवंत आहे. माझा घोटा धरलाय तिने, सोडत नाही. म्हणते, नको गं बाळा, वारं लागे —