अस्वलाचं केस कापायचं दुकान

तीर्थरूप ताई,

नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? भाऊजींचा खोकला मला तुझ्या मागच्या पत्रातसुद्धा ऐकू आला. इकडे सगळे ठीक आहोत, निदान या ओळीपर्यंत तरी.

चिवी वाचत नाही म्हणून मी तुझ्यापाशी रडगाणं गायले होते. तेव्हा तू (तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईच्या अधिकाराने) म्हणालीस, "तू पडदे शिवत असताना तिला मोठ्याने वाचायला लाव आणि दर पानाला शाबासकी दे." मी तंतोतंत तसंच केलं. शिवून झालेला पडदा कसा पडतो ते बघायला मी खिडकीला लावून ठेवते. तो निळा असला की दुपारभर खोली पाण्याखाली गेल्यासारखी होते. त्या पाण्यात चिवी टेबलाखाली पुस्तक घेऊन बसायची. पान वाजलं की मी म्हणायची, "वा, शाबास!"

गोष्ट एका अस्वलाची. ते केस कापायचं दुकान काढतं. गिऱ्हाईक आत येतं, अस्वलाला बघून त्याचे केस उभे राहतात आणि मग कापणं अगदी सोपं जातं. (पुस्तकं बदलली तरी अस्वल तेच. मला वाटलं, मालिका असेल.) ऐकता ऐकता एका बाईंचा पडदा मी वीतभर आखूड शिवला. त्या भांडायला आल्या, तर त्यांनाही अस्वल ऐकवलं. जरा निवळल्या.

पुस्तकं बदलायला नेहमी चिवीचे बाबा जातात. परवा मी गेले आणि वाचनालयातल्या बाईंपाशी अस्वलाचं तोंडभरून कौतुक केलं. त्यांनी सगळी पानं चाळली. "अहो, हे आगगाडीचं पुस्तक आहे. यात अस्वल चढतही नाही आणि उतरतही नाही."

म्हणजे शाबासकी अक्षरांना नाही, पान वाजण्याला मिळते, हे तुझ्या भाचीने आठवड्यात ओळखलं होतं. मला राग यायला हवा होता. पण घरी येताना एकच विचार मनात घोळत राहिला, तीन महिने ही वाचत तरी काय होती? माझी पाठ, ताई. माझं मशीन मंदावलं की अस्वलाला नवं गिऱ्हाईक मिळायचं.

मला कळलंय हे तिला ठाऊक नाही. रविवारी ती सुट्टीला तुझ्याकडे येतेय. तू चष्मा लावून तिच्यापुढे पुस्तक ठेवशील, ती अडखळेल, तू "अगंबाई!" म्हणशील आणि ते दुकान कायमचं बंद होईल. म्हणून आठवेल तेवढी तिची गोष्ट मी मोठ्या अक्षरांत एका वहीत उतरवली आहे. ती वही तिच्यासोबत देते. आधी तेवढीच तिच्यापुढे ठेव. एवढं कर ना माझ्यासाठी.

तुझी धाकटी

ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात चिवी वही घेऊन आली. "आई, हे चुकलंय." बोट तिसऱ्या पानावर. "अस्वल रडत नव्हतं काही. त्याला सर्दी झाली होती." ताई, ती वही मी कुणालाही वाचून दाखवलेली नव्हती! मग बोट सरकवत, अडखळत तिने अख्खं पान वाचलं आणि माझ्या आणखी चार चुका काढल्या. शाबास म्हणायचंही मला सुचलं नाही.

ता. क. २. म्हणजे आता तिला वाचता येतं. तेव्हा रविवारच्या आत हे पत्र सगळ्यात वरच्या फळीवर ठेव. आणि स्टूल लपव.