सहाव्या पेटीची हजेरी

५ मे २०२५, सोमवार. कुडवा

आलो एकदाचा. सालेकशाहून सकाळच्या एसटीनं निघालो तेव्हा पिशवीत दोन पायजमे, पंचा, चष्म्याचं घर आणि ही कोरी वही. पत्नी सुशिलाबाई गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. छोटेलाल, माझा जुना विद्यार्थी, आता राईस मिलचा मालक. परवा येऊन म्हणाला, गुरुजी, घरी एकटे बसून कायले भिंतीकडे पाहून राहिले, चाला माझ्यासंगं.

मिलच्या मागे त्याचं एक रिकामं गोदाम आहे. ते त्यानं इंजिनिअरिंगच्या पाच मुलांना दिलंय. ही मुलं देशोदेशीच्या महासंगणक-स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत पोचली आहेत, आपल्या गोंदियाची! लहान संगणकांच्या पेट्या एकमेकींना जोडून एक मोठा करायचा, दिलेली किचकट गणितं सगळ्यांच्या आधी सोडवायची आणि विजेचा भार तीन हजार वॉटच्या वर जाऊ द्यायचा नाही. परदेशातले परीक्षक पडद्यावरून पाहणार.

माझं काम सोपं. दर तासाला मीटरचे आकडे आणि पेट्यांचं तापमान वहीत उतरवायचं, आणि पोरांवर लक्ष ठेवायचं. दुर्गेश्वरी ही त्यांची कॅप्टन, चष्मेवाली, करारी. गुड्डू वात्रट. रुची आणि रिंकी एका स्कुटीवर येतात. इंद्रकुमार दिवसभरात चार शब्द बोलतो, त्यातले दोन 'चाय पिऊ'. मोठी गोड पोरं. आत सतत पंख्यांची घरघर असते, पावसाळ्यात कौलारू शाळेत पाढे चालायचे तशी. डोळे मिटले की वर्ग भरतो.

९ मे, शुक्रवार

आज बारसं झालं. प्रत्येक पेटीला नाव लागतं म्हणे. परदेशातले लोक नद्यांची, ताऱ्यांची ठेवतात. गुड्डूनं सिनेमातल्या नट्यांची यादी काढली, तशी रुचीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. दुर्गेश्वरी म्हणाली, गुरुजी, तुम्हीच सांगा.

माझ्या तोंडून सहावीचा पट निघाला, सन पंच्याण्णव-शहाण्णवचा. शालीकराम, लीलाधर, चैनलाल, दुर्गाप्रसाद, अनुसया, तुलसा. पट पाठच आहे मला, कवितेसारखा. शेवटचं नाव घेताना जीभ अडखळली, पण घेतलं. सहावी पेटी नागपूरहून यायची आहे. मांडणीत तिचा खण रिकामा आहे. नाव मात्र यादीत आधीच घालून ठेवलं.

मीही एक नियम घालून दिला. संध्याकाळी सगळ्यांनी बाहेर यायचं, बाहेर नावं घ्यायची, प्रत्येकानं 'हजर' म्हणायचं, मगच छोटेलालच्या माणसानं शटर ओढायचं. गुड्डू हसला, गुरुजी, आम्ही काय केजीचे पोट्टे आहो का? मी म्हटलं, हो.

१३ मे, मंगळवार

दुर्गेश्वरीनं मला खूश करायला गंमत केली. सकाळी संगणक सुरू केला की तो एकेका पेटीला हाक मारतो, आणि जिवंत असलेली पेटी पडद्यावर उत्तर देते. त्या उत्तराच्या जागी तिनं 'हजर' बसवलं. शालीकराम — हजर. लीलाधर — हजर. माझे डोळे भरून आले. तीस वर्षांनी पट पुन्हा वाचला गेला.

पाच हजर. सहाव्यापुढे कोरं. पेटीच नाही, उत्तर कोण देणार?

१६ मे, शुक्रवार

बाहेर पंचेचाळीस. मिलच्या अंगणात कोंडासुद्धा तापून करपल्यासारखा वास येतोय.

आज पडद्यावर सहा ओळी आल्या. तुलसा — हजर.

मी खणाकडे पाहिलं. रिकामा. दुर्गेश्वरीला दाखवलं तर तिनं निवांत समजावलं: एखादी पेटी बंद असली तर शेजारची तिच्या वतीनं उत्तर देऊ शकते, तशी सोय असते, पाचवी देऊन राहिली असंल. पाचवी म्हणजे अनुसया.

मी वही मिटून बाहेर उन्हात जाऊन बसलो.

१७ मे, शनिवार

लिहूनच टाकतो. सुशिलाबाईंशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

तुलसाचा आवाज फार हळू. वर्गात तिचं नाव घेतलं की शेजारी बसणारी अनुसया तिच्यासाठी 'हजर' म्हणायची. मीही मान खाली घालूनच हजेरीवहीत टिंब करायचो. सवयच झाली होती दोघांची. जानेवारीत सहल नेली कचारगडच्या गुहा पाहायला. संध्याकाळी टेम्पोपाशी हजेरी घेतली. ऊन उतरत होतं, मी माझ्याच कवितेच्या एका ओळीच्या नादात होतो. तुलसाचं नाव घेतलं. हजर, आलं उत्तर. मी मान वर केली नाही.

रात्री तिचा बाप दारात आला. हजेरीवहीत ती हजर होती, म्हणून सगळे म्हणाले, पोरगी टेम्पोतून उतरून गावातच कुठं गेली असणार. दोन दिवस गावाकडच्या विहिरी नि शेतं धुंडाळली. गुहेत कोणी पाहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी सापडली. आतल्या कपारीत, गुडघे पोटाशी घेऊन.

अनुसया बारा वर्षांची होती. तिनं फक्त मैत्रिणीसाठी उत्तर दिलं. टिंब माझं.

१९ मे, सोमवार

दुपारी २ ची नोंद: पाच पेट्या चालू. दुर्गेश्वरीच्या हिशेबानं भार अडीच हजार वॉटच्या आत हवा. मीटरवर दोन हजार नऊशे. तापमान: पहिली ६८, दुसरी ७१, तिसरी ६९, चौथी ७०, पाचवी ६६.

सहावी १८.

रिकाम्या खणात हात घातला. हिवाळ्यात कपारीत घातल्यासारखा. हाताला ओल लागली.

२० मे, मंगळवार

नागपूरवाल्यानं कळवलं, पेटी येत नाही. पोरं हिरमुसली. पण सरावाची गणितं ठरल्याहून लवकर सुटताहेत. गुड्डू म्हणतो, भूत काम करून राहिला तर करू दे ना, पगार तर नाही मागत.

कोणी हसलं नाही.

सकाळच्या यादीखाली आज एक जास्तीची ओळ होती:

मोजून घ्या रे घरची पाखरे

सहलीसाठी मी दोन ओळी जुळवल्या होत्या. 'ऊन कलले, वाट वळली, मोजून घ्या रे घरची पाखरे.' कुठे छापल्या नाहीत. त्या वर्गाबाहेर कोणाला ठाऊक नाहीत.

२१ मे, बुधवार

दुर्गेश्वरीला सगळं सांगितलं, नाव काढून टाक म्हटलं. मग तिनं तिचं सांगितलं. बाप धानाचा व्यापारी, त्यानं एकच वर्ष दिलंय. नंबर आला तर परदेशी शिक्षण, नाही तर जुलैत लग्न, मुलगा कोहमाऱ्याचा. गुरुजी, म्हणाली, तीन दिवस फक्त. शनिवारी निकाल लागला की मी माझ्या हातानं नाव काढते.

पोरीचं अख्खं आयुष्य एकीकडे आणि एका म्हाताऱ्याची भीती एकीकडे.

२२ मे, गुरुवार

स्पर्धेचा पहिला दिवस. तिसरे आलो. पोरं नाचली.

नाचताना रुचीनं शाल काढली नाही. बाहेर सेहेचाळीस. थंडी वाजून राहिली, म्हणते.

२३ मे, शुक्रवार

पहिले आहोत. आज नाचलं नाही कोणी.

संध्याकाळी बाहेर हजेरी. दुर्गेश्वरी, हजर. गुड्डू, हजर. इंद्रकुमार, हजर. रुची, हजर. रिंकी —

हजर. हळू आवाज.

टिंब करायला पेन टेकवलं आणि मान वर केली. देवा, मान वर केली म्हणून! रिंकी तिथे नव्हती. मी रुचीला विचारलं, तू का बोललीस तिच्यासाठी? ती म्हणाली, मी नाही बोलली, गुरुजी.

धावलो. रिंकी आत सापडली. मांडणीमागे, सहाव्या खणाखाली, गुडघे पोटाशी. अंग बर्फ. कोणीतरी बोलावलं, एवढंच म्हणते. छोटेलालनं तिला कारमध्ये घालून दवाखान्यात नेलं. ठीक आहे. ठीक आहे म्हणतात.

उद्या बंद ठेवा, मी हात जोडले. दुर्गेश्वरी रडली. पण एकच दिवस, म्हणाली. आणि रिंकीही तेच म्हणाली, रात्री घरी पोचल्यावर, फोनवर. मी येते, गुरुजी.

२४ मे, शनिवार. दुपारी १२

पाचही जण आलेत. दर पंधरा मिनिटांनी उठतो. जवळ जाऊन प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजतो. आवाजावर विश्वास नाही ठेवायचा. पाच. पाच. पाच.

दुपारी १.१५

पहिलेच आहोत. वीस मिनिटं उरली.

मीटर तीन हजारांना टेकलाय. सहावी ११. आता ९. रिकाम्या खणाच्या कडेवरून पाणी —

१.२५

वीज गेली. पंखे बंद. भर दुपारी गोदामात काळोख. स्पर्धा संपली. दुर्गेश्वरी किंचाळली नाही, मोठ्यानं म्हणाली, सगळे बाहेर, जाऊ दे सगळं. शहाणी पोर.

मी दाराशी उभा राहून हात ठेवत गेलो. एक. दोन. तीन. चार. पाच.

सहा.

केस ओले होते. लहान डोकं. दोन वेण्या.

१.३०

पोरं उन्हात आहेत. दारातून नजरेनं मोजली. पाच. म्हणजे ती आत राहिली, पुन्हा. दारापर्यंत आली आणि मागे फिरली.

मी आत आलोय तिला आणायला. तिला सोडून यावेळी निघायचं नाही. वहीत लिहितोय. वीज नाही, तरी पडदा चालू आहे, त्याच्या उजेडात.

तुलसा, हाक मारली. बेटा, चल, टेम्पो उभा आहे.

उत्तर नाही —

१.३६

पडद्यावर सहा नावं होती. आता एकच आहे.

ईश्वरदास —

माझं. पुढे कोरं.

बाहेर दुर्गेश्वरी हजेरी घेतेय. माझा नियम पाळतेय. गुड्डू, हजर. इंद्रकुमार, हजर. रुची. रिंकी. ऐकू येतंय सगळं. आता, गुरुजी?

मी ओरडलो. सगळा जीव लावून. आवाज — एवढासा — माझा मलाच —

पुन्हा विचारतेय. गुरुजी, आहात ना?

आणि बाहेरून, उन्हातून, माझ्याच घोगऱ्या आवाजात कोणीतरी म्हणालं, हजर.

पोरी, मान वर कर. एकदा मान वर करून बघ —

शटर खाली येतंय. स्कुटी सुरू झाली. पडद्यावर माझ्या नावापुढे अक्षरं उमटताहेत, ह —

माझ्या शेजारी कोणीतरी गुडघे पोटाशी घेऊन