साडूपेक्षा स्वस्त गिझर

४ जानेवारी, सकाळ
गिझर गेला. टाकीच्या बुडातून धार लागली, भिंतीवर ओघळ आले. मी शांत होतो. बायको म्हणते मी ओरडलो, पण ते थंड पाण्यामुळे.
निश्चय: गिझर बदलायचा, पण एक पैसाही जास्त न घालवता. घाई करणार नाही. घाईत माणूस फसतो.
मुदत तशी आहे. सासूबाई वीस तारखेला येताहेत. दर हिवाळ्यात त्या थोरल्या लेकीकडे, म्हणजे माझ्या साडूकडे उतरतात. यंदा बायकोने आईला पहिल्यांदाच कबूल करवलंय, आधी आमच्याकडे. तेव्हापासून ती मागची खोली आवरतेय आणि मध्येच गुणगुणतेय. कित्येक वर्षांत इतकी खुशीत पाहिली नव्हती. गरम पाणी हवंच.

५ जानेवारी
साडूनेही गिझर बदललाय. गेल्याच आठवड्यात. मोठा, आकडे दाखवणारा, मोबाइलवरून चालू होणारा. कशाला? आंघोळ काय मोबाइलवरून करायची आहे?
बायको म्हणाली, भाऊजींचा जुना उत्तम चालतो, फक्त लहान पडत होता म्हणून काढला, ते म्हणताहेत घेऊन जा, पैसे नकोत. मी स्पष्ट सांगितलं, साडूचं उतरलेलं मी वापरत नाही. मागे तो कोट देत होता, तोही घेतला नव्हता. पुढे थंडी वाजली, तो भाग वेगळा.
मला त्याचा हेवा वाटत नाही. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचार करायला नको.

८ जानेवारी
दुकानात गेलो. सगळ्यात स्वस्त नवा गिझर ऑफरमध्ये होता, गॅरंटीसकट. घेणारच होतो. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, घ्या साहेब, तुमच्या साडूंनाही हीच सूट दिली.
म्हणजे जी सूट त्याला, तीच मला? बाहेर पडलो. दुकानदार मागून हाका मारत होता. माझी पिशवी राहिली होती.

११ जानेवारी
गॅसवर पातेल्यात पाणी तापवतो आणि बादलीत ओततो. तब्येतीला उत्तम. कंबर धरलीय, पण ती बहुधा ऑफिसातल्या खुर्चीमुळे.
बायको मात्र रोज सकाळी टॉवेल घेऊन साडूकडे आंघोळीला जाते. दोन गल्ल्या पलीकडे. परत येते ती गुलाबी होऊन. आज म्हणाली, भाऊजींनी सगळ्यांना चहा करून दिला. भाऊजी चहा करतात! बरं. करू देत. आज दिवसभर कामात लक्ष नव्हतं. हवामान.

१५ जानेवारी
साडूच्या प्लंबरला बोलावलं. हेतू एवढाच, की साडूने नेमके किती मोजले ते काढून घ्यावं. पठ्ठ्या दाद देईना. म्हणाला, एका गिऱ्हाइकाचं मी दुसऱ्यापाशी बोलत नाही. पण निघता निघता म्हणाला, नव्याच्या मागे कशाला लागता साहेब, माझ्याकडे एक वापरलेला आहे, नुकताच उतरवलाय. सज्जन घरातला. त्यांना मोठा हवा होता.
अशी उधळी माणसं जगात आहेत म्हणून आमच्यासारख्या शहाण्यांचं फावतं.
घासाघीस करून निम्म्या किमतीत पटवला. नव्याच्या निम्म्या! साडूच्या बापाला जमणार नाही. प्लंबर जिना उतरताना हसत होता. हरलेली माणसं अशीच हसतात.

१८ जानेवारी
गिझर बसला.
किरकोळ खर्च झाला. जुनी भोकं जुळेनात म्हणून नवी पाडली. त्यात टाइल फुटली. तशी टाइल बाजारात नाही, म्हणून अख्खी रांग बदलली. मग पाइप, व्हॉल्व्ह, वायर, गवंडी. बेरीज केली नाही. बेरजेने माणूस खचतो. गिझर निम्म्यात आला, ही मूळ गोष्ट.
तापमानाच्या बटणावर एक लाल ठिपका आहे. कंपनीची खूण असावी, निवडक मालावर करत असतील.
साडूला फोन करून सहज कळवलं. तो नुसता वा म्हणाला. आवाजात मत्सर स्पष्ट ऐकू आला. बिचारा.

२० जानेवारी
सासूबाई आल्या. आल्या आल्या आंघोळीला गेल्या. मी बाथरूमच्या आसपास घुटमळत होतो, कौतुक कानावर पडावं म्हणून.
बाहेर आल्या त्या डोळ्यांत पाणी घेऊनच. म्हणाल्या, थोरल्या जावयासारखा माणूस मिळायचा नाही. म्हातारीला इथे गार पाणी लागू नये म्हणून आपला गिझर पाठवला त्याने!
मी म्हणालो, हा मी घेतलाय. त्या म्हणाल्या, चल, काहीतरीच. मला नीट दिसत नाही म्हणून कुठवर फिरवायचं ती खूण मीच केली होती, थोरलीच्या नेलपॉलिशने. माझा ठिपका मी ओळखणार नाही?
मग फोन लावून थोरल्या जावयाला तोंडभर आशीर्वाद दिले.
बायको माझ्याकडे बघत होती. मग आईचा ओला टॉवेल उचलून वाळत घालायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२१ जानेवारी
हो, जळतो मी त्याच्यावर. एकदा लिहूनच टाकतो. बायकोने त्याच्या घरून गुलाबी होऊन यावं, हे मला सोसत नाही.
निश्चय: सासूबाईंना खरं काय ते सांगायचं. पावतीसकट.
दुपारी विचार केला. खरं सांगायचं म्हणजे, फुकट मिळत होता तो नाकारला आणि तोच पैसे मोजून आणला, हेही सांगावं लागेल. निश्चय पुढे ढकलला.

संध्याकाळ
साडू येऊन गेला. सासूबाईंनी त्याला हाताला धरून बाथरूमपर्यंत नेलं. त्याने गिझरवर थाप मारली. म्हणाला, मी प्लंबरला सांगितलंच होतं, कुणातरी गरजूला दे. मला काय ठाऊक तो इथेच आणून बसवेल! चांगल्या घरी पडला. नवी टाइलही छान दिसतेय म्हणाला.
जाताना दारात चप्पल घालता घालता माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, वापरा निवांत, परत करायची काही घाई नाही.
सासूबाई ऐकत होत्या.
मी थँक्यू म्हणालो.