वेदिकाच्या मुठीतली फी

ती. ज्योत्स्नामावशी,

तेजस्विनीचा साष्टांग नमस्कार. (वाकायला वाव नाही, वेदिका मांडीवर झोपली आहे, तेव्हा मनातल्या मनात केलेला गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचं बीपी आणि चाळीत साठवलेला कांदा, दोन्ही ताब्यात आहेत ना? इकडे सर्व खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, पण खरं सांगायचं तर इकडे एकटी वेदिका खुशाल आहे. तिला सहावा महिना लागला, पालथी पडते, हुंकार देते, आणि घरात सध्या तिच्याएवढी ऐपत कोणाचीच नाही. हे गमतीनं लिहिलेलं नाही, पुढे वाचलंस की कळेल. एवढं पत्र कशाला, फोन करायचा की, असं तू म्हणशील. पण आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवूनच बोलावं लागतं. सासूबाईंना ऐकू कमी येतं आणि ऐकायचं मात्र सगळं असतं. म्हणून खालच्या मजल्यावरच्या नाथाभाऊंच्या टेम्पोबरोबर हे पाठवते आहे, ते उद्या विंचूरला मार्केटात येणार आहेत.

तुला ठाऊकच आहे, बी.एड.चं पहिलं वर्ष झालं आणि वेदिकाची चाहूल लागली, तेव्हा मी कॉलेज सोडलं. आता दुसऱ्या वर्षाला पुन्हा नाव घातलंय. फीचा पहिला हप्ता बारा हजार, तो येत्या मंगळवारच्या आत भरायचा, नाहीतर नाव गेलं. आणि मावशी, हे वर्ष गेलं तर पुढचं येईल याची मला अजिबात खात्री नाही. पुढच्या वर्षी पोर चालायला लागेल, तिच्यामागे धावायला माणूस हवं; त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्याचा विषय निघेल. ज्यांचं शिकायचं राहून गेलं त्या बायकांना कोणी अडवलेलं नसतं गं, नुसतं पुढच्या वर्षावर ढकललेलं असतं. मला त्याची फार भीती वाटते.

योगेशचं तू विचारशील. सिन्नरच्या कारखान्यात त्याचा ओव्हरटाइम बंद झाला त्याच दिवशी त्यानं घरच्या खर्चाची सूत्रं हातात घेतली. (पगार कमी झाला की अधिकार वाढतात, हा त्याच्या घराण्याचा नियम दिसतो.) पहिली बचत डायपरवर. सुटे घेतले की महाग पडतात, घाऊक घेतले की निम्म्यात, असं कोणीतरी सांगितलं म्हणून गडी एक पोतं भरून डायपर घेऊन आला. ते निम्म्यात का मिळाले हे घरी येऊन पोतं फोडल्यावर कळलं. ते चालत्या मुलांचे आहेत. वेदिकाला घातला तर काखेपर्यंत येतो, आणि ती त्यातून आपल्याकडे अशी बघते जसं काही आपणच तिला पोत्यात भरलंय. योगेश म्हणाला, वाया काही जात नाही, ती वाढेलच. तोवर मी जुन्या साड्या फाडून लंगोट शिवते आणि दिवसभर तेच धुते. ज्या दोरीवर माझ्या पाठाचे तक्ते वाळत घालायचे तिथे लंगोट वाळतात आणि रंग ओले राहिलेले तक्ते पलंगाखाली जातात.

अशात एक दिवस पंचवटीला सासूबाईंच्या चुलत जावेकडे वेदिकाला घेऊन गेलो. बाळ पहिल्यांदा दारात आलं की त्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, तसं त्यांनी तिच्या मुठीत पाचशेची नोट ठेवली. रिक्षात बसल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आमचं एकमत झालं. लग्नाला तीन वर्षं झाली, इतकं पटकन एकमत कधी झालं नव्हतं. नातेवाईक भरपूर, पोर एकच, आणि प्रत्येक घर तिच्यासाठी पहिलंच! योगेशनं बसल्या बसल्या आखणी केली. पाचशेवाले आधी, दोनशेवाले नंतर, आणि जे नुसतं ‘गोड आहे हो पोरगी’ म्हणतात ते वगळायचे. लाज वाटली का म्हणशील तर वाटली, पण कॉलेजच्या खिडकीत लाज भरून घेत नाहीत.

आता चूक इथे झाली. सासूबाईंना हे सांगायचं कोणी? तू सांग, तुझी आई आहे, असं मी म्हटलं. तू सांग, फी तुझी आहे, असं तो म्हणाला. शेवटी त्यानं त्यांना एवढंच सांगितलं की पोरीला सगळ्या पाहुण्यांना दाखवून आणू. त्या हरखल्या. नवं लुगडं काढलं, प्रत्येक घरासाठी पाव किलो पेढे घेतले (ते पैसे आमचे), आणि दर सुट्टीला आमची वरात निघाली. गंगापूर रोडच्या मामेसासऱ्यांनी नोटेऐवजी वेदिकाच्या दुप्पट मोठं अस्वल दिलं. त्याला रिक्षात जागा द्यायची म्हणून योगेश मागून बसनं आला. सिन्नरच्या नवसाबाईंनी, म्हणजे योगेशच्या आत्यांनी तर कमालच केली. ‘पोरीच्या आईला ताकद पायजे, नोट घेऊन काय करती?’ म्हणत त्यांनी माझ्या हातात जिवंत कोंबडी दिली. परत येताना जीपवाल्यानं तिचं वेगळं भाडं घेतलं, कारण तिनं शेजारच्या माणसाची पिशवी खराब केली होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला या म्हणीचा मी शाळेत वाक्यात उपयोग केला होता, इथे मी तिला पिशवीत घालून घरी आणली. ती सध्या गॅलरीत राहते. अंडं दिलेलं नाही. माझं पुस्तक उघडलं की बरोबर ओरडते.

तरीसुद्धा मावशी, रक्कम जमत होती. प्रत्येक घरातून निघताना सासूबाई वेदिकाची मूठ हलकेच सोडवायच्या, नोट आपल्या कमरेच्या बटव्यात ठेवायच्या. आम्हाला वाटलं, बरं झालं, सुरक्षित आहेत. नऊ हजार झाले. तीन हजार योगेशनं पगारातून बाजूला काढले. परवा सकाळी मी हिय्या करून म्हटलं, आई, ते वेदिकाचे पैसे द्या जरा. त्यांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! कपाटातून लाल कागदाची पुडी काढली. आत पैंजण, आणि मनगट्यांत ओवायला सोन्याचे दोन मणी. सराफ बाजारात एकट्या जाऊन, घासाघीस करून आणलेले. ‘पोरीचं हाय ते, पोरीलाच गेलं. आपण काय खाल्लं का त्यातलं? तिच्या लग्नाची सुरुवात झाली बघ.’

रीतीप्रमाणे त्यांचंच बरोबर. बाळाच्या मुठीतला पैसा बाळाचाच, आईबापांनी त्याला हात लावायचा नसतो, हे मला तूच शिकवलंस. मोडावं म्हटलं तर बाळाचं लेणं मोडू नये म्हणतात, आणि मोडलं तरी सराफ घडणावळ कापणार. योगेश जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसला, जसा काही भातात काही शोधतोय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर सासूबाईंना वाटलं, मला पैंजण इतके आवडले. त्यांनी पण डोळे पुसले. मग आम्ही दोघी मिळून रडलो, दोघींची कारणं वेगळी. आता अशी स्थिती आहे की सहा महिन्यांच्या पोरीच्या लग्नाला सुरुवात झाली आहे आणि तिच्या आईचं शिक्षण नऊ हजारांवर अडलंय. ती पाय झाडते आणि पैंजण वाजतात, आणि खरं सांगू का, छान वाजतात, त्याचाच जास्त राग येतो.

असो. काकांना नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव, आळस करू नकोस. पत्र वाचून फाडून टाक.

तुझी,
तेजस्विनी

ता. क. रविवारी आम्ही चौघं तुझ्याकडे येतोय. वेदिका तुझ्या दारात पहिल्यांदाच येते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सासूबाईंनी तिच्यासाठी डूल बघून ठेवलेत, तेव्हा तिच्या मुठीत अकराच रुपये ठेव. बाकीचं माझी ओटी भरशील तेव्हा ब्लाउजपिसाच्या घडीत घाल. या दौऱ्यात एवढे ब्लाउजपीस जमलेत की सासूबाई आता ते उलगडून बघत नाहीत. शाळेत नोकरी लागली की पहिल्या पगारात परत करीन.

ता. क. योगेशनं पत्र वाचलं. त्याची बाजू लिहिली नाही म्हणून रुसलाय. त्याची बाजू अशी, की तुमच्याकडे ओळखीत कोणाचं मूल नुकतंच चालायला लागलं असेल तर डायपर आहेत, निम्म्या किमतीत.

ता. क. कांद्याचं काही खरं नसतं, मला माहीत आहे. पैसे नसतील तर संकोच करू नकोस. मग माझ्या हातावर चिमूटभर साखर ठेव आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं ‘शिक’ म्हण. इथे मला ‘नाही’ कोणीच म्हणत नाही गं. ‘शिक की, कोण नको म्हणतंय,’ असंच सगळे म्हणतात. पण नुसतं ‘शिक’ असं मला अजून कोणीही म्हटलेलं नाही. ते एकदा कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. (पैसे असतील तर मात्र आधी पैसे. साखर आमच्याकडे आहे.)