टाकीच्या झाकणावरचं गंध

प्रिय अण्णा,

आज तुझं इंजिन सकाळी सातपासून साडेदहापर्यंत एकदाही न थांबता चाललं. सगळ्या आगराचं शिपणं झालं, अगदी कुंपणाकडच्या पोफळींपर्यंत पाणी पोचलं. तू असतास तर ते माझ्याच हातगुणाने चाललं, असं सगळ्यांना सांगत फिरला असतास. आता तू नाहीस, म्हणून खरं काय ते तुला लिहून कळवतेय. तुला जाऊन महिनाही झाला नाही, एवढ्यात गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं वहिनी म्हणते. मी बोलत नाहीये, लिहितेय.

काय बिघडलं होतं त्या इंजिनाचं, सांगू? काहीही नाही! टाकीच्या झाकणाला वर सुईच्या नेढ्याएवढं एक भोक असतं. ते तुझ्या गंधाने बुजलं होतं. एवढंच. दोन वर्षं तू जो तमाशा केलास, तो एवढ्यासाठी.

आठवतं, आगबोटीतून ते इंजिन उतरलं तेव्हा तू काय थाटात बंदरावर उभा होतास? जणू ते तूच घडवलं होतंस. महिन्याच्या आत बैल विकलास आणि रहाट मोडून त्याची लाकडं चुलीत घातलीस. "आता आपण यंत्रयुगात आलो," असं तू मला, म्हणजे मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला, समजावून सांगत होतास. बायकांनी इंजिनाच्या खोपीत पाऊल टाकायचं नाही, हा नियमही त्याच दिवशी झाला. यंत्रयुगातला असेल.

पहिल्या वर्षी इंजिन सुरळीत चाललं, कारण ते दाऊदभाई चालवत होते. पंधरा वर्षं बोटीवर इंजिनखात्यात काढलेला माणूस तो. आवाज ऐकूनच त्यांना कळायचं की रॉकेल कमी येतंय का जास्त. पुढच्या दसऱ्याला मात्र तू सोवळं नेसून पूजेला बसलास. सहाणेवर गंध मीच उगाळून दिलं होतं. ते तू इंजिनाला लावलंस, चाकाला लावलंस आणि टाकीच्या झाकणावर चांगलं बोटभर जाड थापलंस. वर कुंकू, वर तेलाचं बोट. पूजेचं गंध आपोआप जाईपर्यंत पुसायचं नाही, असं बजावलंसही.

त्यानंतरच्या पहिल्याच शिपण्याला इंजिन दहा मिनिटं चाललं आणि धापा टाकत बंद पडलं.

अण्णा, तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही, दुसरं पाडावं लागतं, हे घरातल्या कुठल्याही बाईला विचारलं असतंस तरी तिने सांगितलं असतं. आत वारा जायला हवा, तर बाहेर तेल येणार. टाकीचंही तेच. पण तू बायकांना कशाला विचारशील? तू झाकण उघडून टाकीत डोकावायचास. उघडलं की आत वारा जायचा, नळीत रॉकेल उतरायचं आणि हँडल मारलं की इंजिन सुरू! "बघितलंस? माझा हात लागला की कसं चालतं!" मग परत दहा मिनिटांनी बंद. तू परत डोकावणार, परत छाती फुगवणार. मी विहिरीपाशी कपडे धूत हे बघत असायची आणि मला अक्षरशः किळस यायची.

दाऊदभाईंनी दोन दिवसांत सगळं तपासलं. टाकीखालची चावी काढून बघितली, मोकळी होती. गाळणीची काचेची वाटी उघडली, तळाला गाळही नव्हता, पाणीही नव्हतं. नळी तोंडाने फुंकून पाहिली. कार्बुरेटर उघडला, आतला फ्लोट मोकळा हलत होता, रॉकेल सोडणारा बारीक जेट स्वच्छ होता. मग हात पुसून ते तुझ्यासमोर उभे राहिले. मी खोपीच्या दाराशीच होते, तुझा चहा घेऊन आले होते.

"अण्णानू, टाकीला वारा नाय जात. झाकनावरचा गंद तेवढा पुसून काडतो. भोक मोकळा होयल."

तू त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस. "मी पूजलेलं गंध तू पुसणार? तू?"

"मग तुमीच पुसा. माजा काय म्हनना नाय."

किती साधी गोष्ट होती! धोतराच्या सोग्याने पुसलं असतंस तरी चाललं असतं. पण दाऊदने सांगितलं आणि अण्णाने ऐकलं, असं कसं होणार? त्याच संध्याकाळी देवळात आरतीनंतर सगळ्या भाऊबंदांदेखत तू सांगितलंस की दाऊद रॉकेल चोरतो आणि टाकीत पाणी घालतो, म्हणून इंजिन बंद पडतं. काचेच्या वाटीत पाण्याचा थेंब नव्हता, हे तू स्वतः वाकून बघितलं होतंस. तरीही! मूर्खपणा मी तुला माफ केला असता, पण हा मूर्खपणा नव्हता.

मग लांज्याहून मेकॅनिक आला. मग दुसरा आला. एकाने जेट बदलला, एकाने नळी बदलली. झाकणाला मात्र कुणी हात लावायचा नाही, ते तूच उघडणार, कारण आता तुला सगळेच रॉकेलचोर दिसत होते. पुढच्या दसऱ्याला जुन्या गंधावर नवीन गंध चढलं. चैत्रात पोफळी माना टाकायला लागल्या. चाळीस झाडं गेली, आणि तू ओटीवर बसून दाऊदला शिव्या देत होतास.

आज सकाळी मी खोपीत गेले. झाकण खरवडलं, केसातला आकडा काढून भोकात घातला. फुस्स करून वारा आत गेला. तेवढा आवाज ऐकला आणि मी खाली बसले. हसले का रडले, माझं मलाच कळलं नाही. मग उठले आणि हँडल मारलं.

दुपारी दाऊदभाईंकडे गेले. तू बोभाटा केल्यापासून गावात त्यांना कुणी इंजिनाला हात लावू दिलेला नाही. पडवीत बसून दुसऱ्यांची जाळी विणत होते. बोटं सुजली होती.

"इंजिन चाललं, दाऊदभाई. तुमचंच खरं होतं."

"ता मला ठाव हाय, बाय." ते विणायचं थांबले नाहीत. "तुमालापन ठाव होता. तुमी थयच हुभ्या होतात."

मी म्हटलं, उद्यापासून कामावर या. तेव्हा त्यांनी मान वर केली.

"अण्णांनी देवळात सगल्यांम्होरं माजा नाव घेतलान. तुमी माज्या पडवीत येऊन सांगताव. हय कोन हाय आयकायला?"

त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. ते तसंच पडवीच्या कडेला ठेवून मी उठले.

तेव्हा अण्णा, आता माझा शब्द ऐक. येत्या मंगळवारी तुझं मासिक श्राद्ध आहे. देवळात तुझं बोलणं ऐकून माना डोलावणारे सगळे भाऊबंद पंगतीला बसतील. पानं मांडून झाली की भात वाढायच्या आधी मी मधे उभी राहीन आणि सांगेन, की दाऊदभाईंनी रॉकेलमध्ये कधीही पाणी घातलं नाही, माझा भाऊ खोटं बोलला आणि खोटं आहे हे त्याला माहीत होतं. तुझ्या श्राद्धाच्या दिवशी हे बरं दिसणार नाही. न दिसू दे.

कुणीतरी नक्की विचारेल, तुला माहीत होतं तर दोन वर्षं का नाही बोललीस? त्याचंही उत्तर मी देणार आहे, अण्णा, सगळ्यांदेखत: मला भावाच्या घरात राहायचं होतं, म्हणून.

तुझी बहीण,
सुमती